आगबोट का थांबली?

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील यवतच्या प्रवाशाला रेल्वे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे. या मार्गाने गाडी १८६० मध्येच सोलापूरला पोचली. कोकणाला मात्र सलग लोहमार्ग मिळण्यास १९९८ साल उजाडावे लागले. मधल्या दीर्घ काळात पोटासाठी मुंबईस गेलेल्या कोकणी माणसाला गावाशी जोडून ठेवले ते मुख्यत्वे आगबोटीने.

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजी गाठी. डेकवर वळकट्या पसरून उतारू रात्र काढीत. अनेक बंदरांत बोट लागेल असा धक्का नव्हता. ती खोल पाण्यात उभी राही आणि बायकामुले, ट्रंका, करंड्या पडावातून किनाऱ्यास नेल्या जात. ‘कोकणशक्ती’ आणि ‘कोकणसेवक’ या या मार्गावरील शेवटच्या काळातील परिचित बोटी. पुढे त्याही इतिहासजमा झाल्या.

समुद्राची वाट फुकट आहे, मग ही वाहतूक तोट्यात का गेली, असा प्रश्न सहज विचारला जातो. त्याचे उत्तर हिशेबात आहे. पावसाळ्यात बोट बंद ठेवावी लागे. भांडवलावरील व्याज आणि देखभालीचा खर्च मात्र बंद राहत नसे. खवळलेल्या दर्यात उतारू नेण्याची किंमत १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीच्या अपघाताने दाखवून दिली होती. त्यात सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यातच १९४८ मध्ये सुरू झालेली एस. टी. पुढे खेडोपाडी पोचली. बंदरावर उतरून पुन्हा गाडी शोधण्यापेक्षा घराजवळ उतरविणारी एस. टी. उतारूंना सोयीची वाटली, यात नवल नाही.

म्हणजे बोट हरली ती केवळ समुद्रामुळे नव्हे, तर किनाऱ्यावरील अपुऱ्या सोयींमुळेही. २०२० मध्ये सुरू झालेली मुंबई-मांडवा रो-रो सेवा हेच उलट बाजूने सांगते. अंतर थोडे, दोन्हीकडे पक्का धक्का आणि उतरल्यावर पुढे जाण्याची सोय, एवढे असले की प्रवासी पाण्याची वाट धरतो.

मुंबई-गोवा जलवाहतुकीच्या पुनरुज्जीवनाची चर्चा अधूनमधून होत असते. तिच्यात मोटारवाल्यांचा आणि पर्यटकांचा विचार होतो. डेकच्या उतारूचा होत नाही. रस्ता सरकारी तिजोरीतून होतो आणि त्याचा सगळा खर्च एस. टी.च्या तिकिटात कोणी धरत नाही. मग धक्क्याचा आणि गाळ काढण्याचा खर्च बोटीच्या तिकिटावर का पडावा? बंदर ही सार्वजनिक सोय मानली आणि धक्क्यावर बोटीच्या वेळेस एस. टी. उभी राहिली, तरच कारकुनाला, शिक्षकाला परवडेल असे भाडे ठेवता येईल. एरवी नव्या बोटी पाण्यावर दिसतील, पण ज्यांच्यासाठी आगबोट होती ते उतारू त्यांत नसतील.