सायकलचा वेग विकत मिळतो का?

वेगाचे आकर्षण तरुण वयात कोणाला नसते? मधल्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर पाच मिनिटे उभे राहिले तरी त्याची प्रचीती येते. जाड टायरची, गिअरची, पुढे शॉकअप असलेली डोंगरी सायकल आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे आणि तिच्याबरोबर एक नवा नादही आला आहे. कोणी हलके हँडल बसवतो, कोणी महागडे गिअर, तर कोणी नवी चाके. हेतू एकच : सायकल जोरात पळावी. पण सुटे भाग बदलून सायकल खरोखर वेगवान होते का? झाली तर किती? आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अशा घरात रुपया खर्चण्याआधी त्याचा हिशेब विचारला जातो. प्रस्तुत लेखात तोच हिशेब सायकलला विचारण्याचा विचार आहे.

प्रथम या सायकलीचा जन्म पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, वजनदार, जाड टायरच्या सायकली घेऊन त्या भागातील कच्च्या वाटांनी खाली सुटत. ऑक्टोबर १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून शर्यत घेतली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरणाऱ्या या वाटेला 'रीपॅक' म्हणत. या नावाची कथा मजेदार आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजेच इंग्रजीत 'रीपॅक'!

पुढे याच मंडळींनी आपल्या सायकली सुधारल्या. गॅरी फिशर यांनी जुन्या सायकलीला गिअर आणि चांगले ब्रेक बसवले. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी फ्रेम तयार केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्यांनी आधी ब्रेकसारखे तग न धरणारे भाग बदलले. नवे ते चांगले, एवढ्यावर त्यांनी भाग निवडले नाहीत.

आता वेगाचे शास्त्र पाहू. सायकलस्वाराला तीन शत्रू असतात : चढ, वारा आणि जमीन.

चढावर आपण वजन वर उचलत असतो. समजा, स्वार साठ किलोचा आणि सायकल पंधरा किलोची, म्हणजे एकूण पंचाहत्तर. हजारो रुपये खर्चून सायकलचे वजन एक किलोने कमी केले, तर ओझे पंचाहत्तराव्या हिश्श्याने उतरले. अर्ध्या तासाच्या चढात याने फार तर चोवीस सेकंद वाचतील. गंमत अशी, की लिटरभर पाण्याची बाटली घरी ठेवली तरी तेवढेच वजन कमी होते! शर्यतीत चोवीस सेकंदांना मोल आहे. पहिल्या तासाला पोहोचणाऱ्याला ते कितपत आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सपाटीवर वारा आडवा येतो. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड द्यायला आठपट शक्ती लागते. ताशी वीसवरून पंचवीस किलोमीटरवर जायचे तर केवळ वाऱ्यासाठी जवळजवळ दुप्पट जोर हवा. हा वारा मुख्यतः अडतो तो सायकलला नव्हे, आपल्या छातीला आणि खांद्यांना. म्हणून कोपरे वाकवून थोडे पुढे झुकणे हा सर्वांत मोठा फायदा, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

तिसरा शत्रू जमीन. टायर जमिनीला टेकतो तेथे रबर दबते आणि सुटते. दबताना दिलेली सगळी शक्ती सुटताना परत मिळत नाही. डोंगरी टायरच्या जाड गुठळ्या डांबरी रस्त्यावर हा तोटा वाढवतात. म्हणून रोज डांबरी रस्त्यानेच येणाऱ्याने गुळगुळीत टायर घालून हवा नीट भरली, तर फरक पायांना जाणवतो. खडकाळ वाटेवर मात्र उलट आहे. तेथे टणक टायर दगडा-दगडावर उडतो आणि पुढे जायची शक्ती वर उडण्यात जाते. थोडी कमी हवा असलेला टायर दगड गिळून पुढे सरकतो. शॉकअपचेही तसेच. खडकाळ उतारावर ते चाक जमिनीला धरून ठेवते. साध्या चढावर मात्र प्रत्येक पायडलागणिक दबून आपला जोर खाते.

मग गिअर? गिअर शक्ती निर्माण करत नाही. ती पायांना सोसेल अशा बेताने वाटून देतो, इतकेच. स्वच्छ, तेल घातलेली साधी चेनही पायांच्या शंभर पैशांतले पंचाण्णवहून अधिक पैसे चाकापर्यंत पोहोचवते. उरलेल्या पाचांतले महागडा गिअर वाचवून वाचवणार किती? पण चेन चिखलाने माखली, गंजली, तर तोटा वाढतो आणि तो थांबवायला एक जुनी चिंधी नि तेलाचे चार थेंब पुरतात. वडील बैलगाडीविषयी म्हणतात, "आस कुरकुरला म्हणून कोणी बैल बदलत नाही." सायकललाही हे लागू आहे.

एका भागाविषयी मात्र काटकसर नको, तो म्हणजे ब्रेक. ब्रेक वेग कमी करतो, मग त्याने वेग कसा वाढेल? ज्याचा ब्रेकवर भरवसा नाही तो उताराच्या सुरुवातीपासूनच ब्रेक दाबून धरतो. भरवसा असलेला वळणापर्यंत मोकळा जातो आणि नेमक्या जागी आवरतो. रीपॅकच्या उताराने हाच धडा दिला.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी हवा, तेल आणि सीटची योग्य उंची, मग ब्रेक, मग आपल्या रस्त्याला साजेसे टायर. बाकीचे भाग झिजले किंवा मोडले की बदलावेत. चकाकत्या वस्तूची हौस वाईट नाही. पण ती हौस म्हणून करावी, वेगाच्या नावाखाली करू नये. आपल्यापैकी अनेकांच्या सायकलमागे घरच्या कोणाचे तरी घाम गाळलेले दिवस असतात. वेग वाढवणारे इंजिन म्हणजे आपले पाय. ते नियमित चालवले तर दर महिन्याला सुधारतात, आणि त्यांचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.