ही मेमरी आत्ता कोणाच्या ताब्यात?

मार्च २०२२ मध्ये लिनक्सची ५.१७ ही आवृत्ती आली आणि ती बसवलेल्या काही संगणकांवरचं वाय-फाय नीट चालेनासं झालं. तिथे अथेरॉसची वाय-फाय कार्डं होती आणि ती चालवणारा 'एटीएच९के' नावाचा ड्रायव्हर होता. कार्डात बिघाड नव्हता. बदल झाला होता लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, वेगळ्याच भागात, तोही चांगल्या हेतूने: एकाच्या मेमरीतली माहिती दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून केलेली सुरक्षेची दुरुस्ती होती ती. आठवड्याभरात लिनस टोरवाल्ड्स यांनी ती मागे घेतली. वाय-फायशी काहीही संबंध नसलेल्या दुरुस्तीने वाय-फाय का बिघडावं, याचं उत्तर संगणकातल्या एका व्यवहारात आहे. हा व्यवहार प्रत्येक फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये क्षणोक्षणी चालतो, आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपलीकडे फारसं कोणी त्याबद्दल बोलत नाही.

डिस्क, नेटवर्क, कॅमेरा यांच्याकडून येणारी माहिती मेमरीत पोचवायचे दोन मार्ग आहेत. प्रोसेसरने स्वतः उपकरणाकडून थोडी थोडी माहिती वाचून मेमरीत ठेवायची, हा एक. दुसरा मार्ग म्हणजे उपकरणालाच मेमरीतला पत्ता द्यायचा, 'इथे लिही, झालं की कळव' असं सांगायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. याला डायरेक्ट मेमरी ॲक्सेस, म्हणजे डीएमए म्हणतात. त्याची गरज साध्या हिशेबाने कळते. आजची चांगली एनव्हीएमई डिस्क सेकंदाला सुमारे ७ गिगाबाइट माहिती देते. प्रोसेसरने ती ८-८ बाइट करून उचलायची ठरवली तर सेकंदाला साडेसत्याऐंशी कोटी वेळा उचलावी लागेल. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरकडे सेकंदाला ३०० कोटी ठोके असतात, म्हणजे प्रत्येक खेपेला तीन-साडेतीन ठोके मिळणार. पण बाहेरच्या उपकरणातलं एक रजिस्टर वाचायलाच शेकडो ठोके जातात. थोडक्यात, डीएमए नसता तर इतकी वेगवान डिस्क घेऊन काही उपयोग झाला नसता.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या ७०९ या १९५८ मधल्या संगणकात आत-बाहेरच्या वाहतुकीसाठी स्वतंत्र 'चॅनेल' होते आणि ते चालू असताना मुख्य गणक आपली आकडेमोड करत राही. १९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलच्या ८२३७ या चिपकडे होतं. चिपमध्ये चार वाहिन्या होत्या, त्यांतली एक मेमरी ताजी ठेवण्यातच गुंतलेली आणि एक फ्लॉपीसाठी राखलेली. ही चिप १६ बिटांपलीकडे मोजू शकत नसे. म्हणून फ्लॉपीच्या ड्रायव्हरला आपला बफर, म्हणजे माहितीसाठी राखलेला मेमरीचा तुकडा, ६४ किलोबाइटच्या हद्दीवर दोन्हीकडे पसरणार नाही याची काळजी घ्यावी लागे. तो पसरला तर चिप हद्द ओलांडण्याऐवजी पुन्हा शून्यापासून मोजू लागे आणि माहिती भलत्याच जागी लिहिली जाई. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये उभ्या केलेल्या परम ८००० या महासंगणकाचाही इथे उल्लेख व्हायला हवा. त्यातल्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा आपापसांत ज्या दुव्यांनी बोलत, ते दुवे डीएमएवरच चालत. चिप गणित करत असतानाच शेजारच्या चिपेकडून निरोप थेट मेमरीत येऊन पडत असत. महासंगणकाच्या कौतुकात हा भाग सहसा सांगितला जात नाही, पण शेकडो चिपा एकत्र राबवायच्या तर अशी सोय लागतेच.

आता ८२३७ सारख्या एका मध्यस्थाची गरज उरलेली नाही. जवळजवळ प्रत्येक कार्ड स्वतःच मेमरीत जाऊन वाचतं आणि लिहितं. त्यामुळे वेग आला, पण त्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. एकाच मेमरीवर प्रोसेसर आणि उपकरण असे दोघे लिहू शकतात आणि दोघांनाही एकमेकांचं काम दिसत नाही. ड्रायव्हर लिहिण्याच्या कामात डीएमएचा भाग अवघड जातो तो इथे, असं माझं मत आहे. पत्ते जुळवणं शिकता येतं. मेमरीचा अमुक तुकडा या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, याचा हिशेब मात्र सतत ठेवावा लागतो.

खंडाने दिलेल्या जमिनीसारखं हे आहे. सातबाऱ्यावर नाव मालकाचं असलं तरी हंगाम संपेपर्यंत वहिवाट खंडकऱ्याची असते, आणि मध्येच मालकाने नांगर घातला तर पीक दोघांचंही जातं. लिनक्समध्ये ड्रायव्हर 'डीएमए-मॅप-सिंगल' हे फंक्शन बोलावतो तेव्हा बफरचा ताबा उपकरणाकडे जातो आणि 'अनमॅप' केलं की परत येतो. बोलावताना दिशाही सांगावी लागते: माहिती उपकरणाकडे जाणार, तिकडून येणार की दोन्हीकडे. या फंक्शनकडून मिळणारा पत्ताही वेगळा असतो. प्रोसेसर वापरतो तो आभासी पत्ता, मेमरी चिपमधली प्रत्यक्ष जागा आणि उपकरणाला द्यायचा पत्ता हे तीन वेगवेगळे आकडे असू शकतात. ते एकच समजून चालणारे ड्रायव्हर एके काळी पुष्कळ होते. डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि याकुब येलिनेक यांनी लिहिलेल्या कर्नलच्या मार्गदर्शिकेने त्याला शिस्त लावली.

नेटवर्क कार्डाचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. रिअलटेकच्या गिगाबिट कार्डांसाठीच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये येणाऱ्या पॅकेटांसाठी २५६ नोंदींचं एक कडं असतं. प्रत्येक नोंदीत बफरचा पत्ता, लांबी आणि ३२ बिटांच्या आकड्यातला सर्वांत वरचा एक बिट असतो. तो बिट १ असेल तर नोंद कार्डाची, ० असेल तर ड्रायव्हरची. पॅकेट लिहून झालं की कार्ड तो बिट शून्य करतं. अशा कड्यांत ड्रायव्हर सहसा पॅकेट उचलतो, नवा पत्ता भरतो आणि बिट पुन्हा १ करतो. दोन ओळींचं काम, पण त्यांचा क्रम चुकला तर सगळं फसतं. प्रोसेसर वेगासाठी आपल्या लिखाणाचा क्रम बदलू शकतो. पत्ता मेमरीत पोचण्याआधी बिट पोचला तर कार्ड जुन्याच पत्त्यावर लिहायला लागेल, आणि तिथे एव्हाना दुसऱ्या कुणाची तरी माहिती असेल. म्हणून दोन्ही लिखाणांच्या मध्ये 'डीएमए-डब्ल्यूएमबी' नावाचा अडसर घालतात: याच्या आधीचं सगळं दिसू लागल्याशिवाय पुढचं दिसता कामा नये. हा अडसर विसरलेला ड्रायव्हर महिनोन्महिने चालतो आणि एखाद्या दिवशी, भरपूर वाहतूक असताना, भलतीच मेमरी खराब करतो.

प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीमुळे, म्हणजे कॅशेमुळे, अडचण आणखी वाढते. प्रोसेसर मेमरी बाइट-बाइटने नव्हे तर बहुधा ६४ बाइटच्या ओळीने आपल्या कॅशेत आणतो. समजा, ड्रायव्हरने १६ बाइटचा बफर ठेवला आणि त्याला लागूनच एक मोजणीचा आकडा ठेवला. दोन्ही एकाच ओळीत आले. उपकरण बफरमध्ये ताजी माहिती लिहितंय, त्याच वेळी प्रोसेसरने शेजारचा आकडा एकाने वाढवला. त्यासाठी त्याने बफरच्या जुन्या माहितीसकट अख्खी ओळ आधीच कॅशेत ओढलेली असते. थोड्या वेळाने ती ओळ मेमरीत परत लिहिली जाते आणि उपकरणाने लिहिलेले १६ बाइट पुसले जातात. बफरला प्रोसेसरने हातही लावलेला नसतो. इंटेल आणि एएमडीच्या संगणकांत हार्डवेअरच कॅशे आणि मेमरी यांचा मेळ राखतं, त्यामुळे तिथे ही चूक दिसतच नाही. तोच ड्रायव्हर मेळ न राखणाऱ्या एखाद्या एआरएम चिपेवर गेला की माहिती बिघडू लागते. एआरएमच्या ६४ बिटी चिपांवर लिनक्स २०२३ पर्यंत ८ बाइट मागितले तरी किमान १२८ बाइटचा तुकडा देत असे, तो याच धास्तीने. ६.५ आवृत्तीपासून लहान तुकडे मिळू लागले आणि डीएमएच्या वेळी ते धोक्याचे ठरत असतील तर मधल्या सुरक्षित जागेतून नेले जाऊ लागले.

ही मधली जागा, बाउन्स बफर, आपल्याला वाय-फायच्या प्रकरणाकडे नेते. एटीएच९के ड्रायव्हर कार्डासाठी ३२ बिटांचेच पत्ते मागतो, म्हणजे पहिल्या ४ गिगाबाइटच्या पलीकडे कार्डाची पोच नाही. संगणकात १६ गिगाबाइट मेमरी असेल आणि पत्ते फिरवून देणारं हार्डवेअर वापरात नसेल तर कर्नल खालच्या भागात एक जागा राखून ठेवतो, बहुधा ६४ मेगाबाइट. कार्ड तिथे लिहितं आणि कर्नल तिथून खऱ्या बफरमध्ये नक्कल करतो.

सुरक्षेचा प्रश्न या नकलेतून उद्भवला होता. समजा, एका प्रोग्रॅमने ४,०९६ बाइट मागितले आणि उपकरणाने ५१२ च लिहिले. कर्नल तरीही पूर्ण ४,०९६ ची नक्कल करून देई, आणि उरलेल्या ३,५८४ बाइटांत आधीच्या कोणाच्या तरी व्यवहारातली माहिती असे. दुरुस्ती अशी केली की जागा उपकरणाला देण्याआधी मागणाऱ्याच्याच बफरमधली माहिती तिथे भरून ठेवायची. म्हणजे उरलंसुरलं काही परत आलं तरी ते त्याचंच असेल. नंतरच्या फेरफारात हीच नक्कल आणखी एका ठिकाणी घातली गेली: ड्रायव्हर मध्येच बफर पाहून पुन्हा उपकरणाला परत देतो तेव्हाही.

एटीएच९के नेमकं हेच करत होता. तो बफरचा ताबा घ्यायचा, पॅकेट पूर्ण झालंय का पाहायचा, झालं नसेल तर ताबा परत द्यायचा. पूर्वी परत देताना काहीच लिहिलं जात नसे. आता परत देताना ड्रायव्हरकडची जुनी नक्कल मधल्या जागेवर चढू लागली. पाहणं आणि परत देणं यांच्या मधल्या क्षणात कार्डाने पॅकेट लिहिलं असेल तर ते गेलंच. या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की ड्रायव्हरने ताबा घेतला तो फक्त कर्नलच्या हिशेबात. कार्डाला कोणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं, ते लिहीतच होतं. ड्रायव्हरला नुसतं डोकावायचं होतं आणि डोकावणं व ताबा घेणं यांतला फरक सांगायची सोय त्या फंक्शनांत नव्हती. शेवटी दुरुस्तीचा पहिला भाग, सुरुवातीला माहिती भरण्याचा, कायम राहिला आणि दुसरा भाग काढला गेला.

नियम कागदावर असून ते न पाळणारे ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालल्याचं आणखी एक उदाहरण २०१६ मधलं. फंक्शनच्या स्टॅकवरची, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या वापराची, मेमरी डीएमएला देऊ नये, असं कर्नलची मार्गदर्शिका आधीपासून सांगत होती. पीसीवर ते खपून जात असे. डिसेंबर २०१६ च्या ४.९ आवृत्तीत सुरक्षेसाठी स्टॅकची मांडणी बदलली आणि यूएसबीवर चालणाऱ्या डिजिटल टीव्ही उपकरणांचे बरेच ड्रायव्हर एकदम उघडे पडले. ते एकेक करून दुरुस्त करावे लागले.

आतापर्यंत उपकरण प्रामाणिक आहे असं आपण धरून चाललो. ते नसेल तर? मेमरीत थेट हात घालू शकणारं उपकरण पासवर्डही वाचू शकतं. म्हणून नव्या संगणकांत आयओएमएमयू नावाचा भाग असतो, जो प्रत्येक उपकरणाला मेमरीच्या नेमून दिलेल्या तुकड्यांपुरतीच, म्हणजे पानांपुरतीच, पोच देतो. केंब्रिज, राइस विद्यापीठ आणि एसआरआय इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'थंडरक्लॅप' या नावाने दाखवून दिलं की तेवढ्याने भागत नाही. नेटवर्क कार्डाचं सोंग घेणारं उपकरण थंडरबोल्ट पोर्टला जोडून त्यांनी अशी पोच तपासली. पान ४ किलोबाइटचं आणि पॅकेट दीड किलोबाइटचं असेल तर पानावरचं बाकी सगळंही उपकरणाला दिसतं, आणि त्यात कर्नलचे नाजूक पत्तेही सापडतात. शिवाय दिलेली पोच काढून घ्यायला वेळ लागतो. म्हणून लिनक्समध्ये अशा अनेक परवानग्या साठवून एकदम रद्द करण्याचीही पद्धत आहे, आणि तिच्यात 'अनमॅप' झाल्यावरही १० मिलिसेकंदांपर्यंत उपकरण त्या पानावर पोचू शकतं. वेग हवा की ताबडतोब ताबा, हे इथे ठरवावं लागतं. अनोळखी उपकरणाच्या बाबतीत मी तरी ताबाच निवडेन. लिनक्सनेही २०१९ मध्ये ५.४ आवृत्तीपासून, इंटेलच्या आयओएमएमयूवर, बाहेरून जोडलेल्या अविश्वासू उपकरणांच्या अर्धवट पानांसाठी बाउन्स बफर वापरायला सुरुवात केली. कमी पोचेच्या कार्डांसाठी केलेली सोय आता पोच आवळण्यासाठी उपयोगी पडते आहे.

सध्या लिनक्सचे काही नवे ड्रायव्हर रस्ट या भाषेत लिहिले जात आहेत. रस्टमध्ये प्रत्येक मेमरीचा मालक कोण याची तपासणी प्रोग्रॅम चालण्याआधी, कंपाइलरच करतो. सी भाषेत जो हिशेब माणसाने डोक्यात ठेवायचा, त्यातला मोठा भाग इथे यंत्राकडे जातो, आणि त्याचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. डीएमएसाठीही रस्टमध्ये कर्नलने रचना तयार केली आहे. वापर संपला की मेमरी आपोआप परत होते, आकाराबाहेर हात गेला तर चूक तिथेच पकडली जाते. पण त्या मेमरीचा तुकडा सरळ वाचायला देणारं फंक्शन मात्र 'अनसेफ' म्हणून ठेवलेलं आहे. ते वापरणाऱ्याने हमी द्यायची असते, की तो तुकडा हातात असेपर्यंत उपकरण तिथे काही लिहिणार नाही. कंपाइलरला ड्रायव्हरची प्रत्येक ओळ दिसते, कार्डाच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. ती हमी ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच, कार्डाची माहितीपुस्तिका वाचून, द्यावी लागते.