पीएच. डी.नंतरची उमेदवारी : त्वचारोगांच्या जीवशास्त्रातील एक उदाहरण

पीएच. डी. मिळाली म्हणजे संशोधकाचे शिक्षण संपले, असा एक समज आहे. वस्तुतः प्रबंधाच्या निमित्ताने विद्यार्थी एखादा प्रश्न तडीस नेण्यास शिकतो. पुढे कोणता प्रश्न हाती घ्यावा, हे ठरविण्याची शक्ती त्यास बहुधा त्यानंतरच्या उमेदवारीत येते. त्वचारोगांच्या जीवशास्त्राचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

१९७५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड यांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढविण्याची रीत सिद्ध केली. या पेशी एकट्या ठेविल्यास त्यांची वाढ लवकरच खुंटते. म्हणून किरणोत्साराने विभाजनशक्ती नाहीशी केलेल्या उंदराच्या पेशींचा त्यांना आधार देण्यात आला. १९७७ मध्ये एलेन फ्यूक्स या ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. प्रिन्स्टन येथील त्यांचा प्रबंध जिवाणूंच्या बीजाणूंविषयी होता; त्वचेशी त्याचा काहीही संबंध नव्हता. येथे त्यांनी पेशीसंवर्धनाची कला आत्मसात केली व केरॅटिन या प्रथिनांच्या अभ्यासास आरंभ केला.

केरॅटिनचा तंतू मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांशाइतका जाड असतो. कुडाच्या भिंतीस कारवीच्या काड्या जशा बळकटी देतात, तशी या तंतूंची जाळी पेशीस बळकटी देते. ही जाळी सदोष असेल तर काय होईल, हा प्रश्न फ्यूक्स यांनी पुढे शिकागो विद्यापीठात हाती घेतला. आनुवंशिक रोगाच्या शोधात रुग्णकुटुंबापासून जनुकाकडे जाण्याचा प्रघात असतो. येथे मार्ग उलट होता. केरॅटिन-१४ चे सदोष जनुक उंदरांत घालण्यात आले, तेव्हा त्यांच्या कातडीवर फोड उठले. सूक्ष्मदर्शकातून पाहता बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशीच फाटलेल्या आढळल्या. हीच लक्षणे ‘एपिडर्मोलिसिस बुलोझा सिम्प्लेक्स’ या मानवी रोगात दिसतात. त्यात किंचित घर्षणानेही अंगावर फोड येतात, आणि अनेक रुग्णांना हा त्रास तान्हेपणापासून सोसावा लागतो. १९९१ साली त्याच प्रयोगशाळेत उमेदवारी करीत असलेले पिएर कूलोम्ब व त्यांचे सहकारी यांना काही रुग्णांच्या केरॅटिन-१४ मध्ये केवळ एका अमिनो आम्लाचा बदल सापडला. उंदरांत दिसलेले कारण माणसातही खरे ठरले.

कारण कळले म्हणजे उपाय सापडला, असे मात्र नव्हे. तथापि ग्रीन यांच्या रीतीचे फळ याच रोगकुळातील एका मुलास मिळाले. त्याच्या रोगप्रकारात दोष केरॅटिनमध्ये नसून बाह्यत्वचेस खालच्या थराशी जखडून ठेवणाऱ्या लॅमिनिन या प्रथिनात होता. २०१५ साली जर्मनीतील बोखुम येथे या सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलण्यात आली. ती इटलीतील मोदेना येथे मिकेले दे लुका यांच्या चमूने, त्याच्याच पेशींत निर्दोष जनुक घालून, वाढविली होती. पुढे तो शाळेत जाऊ लागला.

या वृत्तांतातून उमेदवारीचे मर्म ध्यानी येते. पेशी जगविण्याचे हस्तकौशल्य लेख वाचून येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. परंतु गुरूचाच प्रश्न शिष्याने जन्मभर गिरवीत राहिल्यास ती उमेदवारी अपुरी होय. रीत गुरूची व प्रश्न स्वतःचा, एवढे साधले तर उमेदवारीची ती वर्षे सार्थकी लागली, असे म्हणावयास हरकत नाही.