गर्भातील धूर आणि चाळिशीतील मधुमेह

(इचिकावा, जपान येथून ध्वनिमुद्रित करून पाठविलेले भाषण)



आपल्या मंडळींत नवजात बालकाच्या वजनाची चर्चा बहुधा एकाच प्रसंगी होते. मुलगा असला आणि वजन भरले नाही, तर आठव्या दिवसाची मिला पुढे ढकलावी लागते, मग आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वजण "किती भरलं?" असे विचारू लागतात. पुढे वजन वाढते, मिला पार पडते आणि तो आकडा सर्वांच्या विस्मरणात जातो. सूतिकागृहात परिचारिका म्हणून आयुष्य घालविल्यावर मला सांगावेसे वाटते, की तो आकडा विसरू नये. मूल कमी वजनाचे का जन्मले याचे कारण बहुतेक वेळा गर्भावस्थेतच घडलेले असते, आणि शरीर त्याची आठवण पुढे पुष्कळ वर्षे ठेवते. अशा अनेक कारणांपैकी एक म्हणजे तंबाखूचा धूर. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम हा धूर गर्भापर्यंत कसा पोहोचतो ते पाहू. गर्भ स्वतः श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आणि अन्न आईच्या रक्तातून वारेमार्फत मिळते. धुरातील निकोटीन ही वार सहज ओलांडते. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होते. धुरातील दुसरा घटक कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट या वायूला धरून ठेवते, आणि गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणापेक्षाही जास्त होते. थोडक्यात, बाळाचे अन्नही तोडले जाते आणि हवाही. अशा वेळी गर्भाचे शरीर काटकसर करते. मेंदूला पुरेसे मिळावे म्हणून यकृत, मूत्रपिंड, स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येते. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. गर्भवती उंदरांना केवळ निकोटीन देऊन केलेल्या प्रयोगांत त्यांच्या पिलांमधील या पेशी कमी झाल्याचे, व ती पिले मोठेपणी लठ्ठ होऊन त्यांचे साखरेचे नियमन बिघडल्याचे दिसून आले आहे.

आई धूम्रपान करीत असेल तर मूल हलके जन्मते, ही गोष्ट १९५७ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील विनीया सिम्पसन यांनी प्रथम आकडेवारीने दाखविली. त्यानंतर कित्येक वर्षे सर्वांचे लक्ष जन्माच्या वजनावरच खिळून राहिले. मूल जगले, वाढीला लागले, की प्रश्न मिटला असे समजले जाई. तो प्रश्न पुन्हा उघडला गेला तो सुईणींच्या वह्यांमुळे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य निरीक्षिकेने १९११ पासून प्रत्येक बालकाचे जन्माचे व एक वर्षाचे वजन नोंदवून ठेवण्याची शिस्त घालून दिली होती. डेव्हिड बार्कर या वैद्यकीय संशोधकाने त्या वह्या शोधून काढल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांच्या नोंदी तपासून त्यांनी १९८९ साली दाखवून दिले, की जन्मतः व पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते. पुढे त्याच परगण्यातील पुरुषांत कमी जन्मवजन व मधुमेह यांचाही संबंध आढळला. अंधुक दिव्याखाली वजनकाटा वाचणाऱ्या त्या सुईणींना आपण काय लिहून ठेवीत आहोत याची कल्पना नसेल. पण त्यांनी लिहिले म्हणून आज आपल्याला कळले.

नोंदींचे हे मोल आपल्या समाजाला नवे नाही. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या १९२८ ते १९४७ या काळातील अधीक्षक डॉ. जेरुशा झिराड आपल्यातल्याच. त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर चौकशी केली होती. बाळंतीण दैवाने गेली असे म्हणून न थांबता कारण विचारावे, हा त्यांचा धडा आहे. बाळाच्या वजनालाही तोच लागू करावयास हवा.

बार्कर यांच्या नोंदींत आईच्या धूम्रपानाची माहिती नव्हती. ती दुसऱ्या एका पाहणीत मिळते. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सुमारे सतरा हजार बालकांची माहिती त्या वेळी गोळा केली गेली. आई गरोदरपणी सिगारेट ओढत होती काय, हेही त्यात विचारले होते. त्या बालकांवर संशोधकांनी पुढे आयुष्यभर लक्ष ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या माता गरोदरपणी पुष्कळ सिगारेटी ओढत, त्यांच्यात तेहतिसाव्या वर्षापर्यंत मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पटींनी जास्त होती. लठ्ठपणाही अधिक होता. जपानमधील यामानाशी प्रांतातील कोशू येथे १९८८ पासून चाललेल्या अशाच पाहणीत, गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत इतरांपेक्षा अधिक स्थूल आढळली. जन्मतः हलके असलेले मूल नंतर झपाट्याने वजन भरून काढते व मर्यादेपलीकडे जाते, असा हा क्रम आहे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. धूम्रपान करणाऱ्या घरांतील आहार, उत्पन्न, सवयी हे सारे बहुधा वेगळे असते. तेव्हा लठ्ठपणा धुरामुळे आला की घरामुळे, हे वेगळे काढणे कठीण असते. स्वीडनमधील एका अभ्यासात सख्ख्या भावांची तुलना केली गेली: आईने एकाच्या वेळी धूम्रपान केले व दुसऱ्याच्या वेळी केले नाही. तेथे तरुणपणीच्या स्थूलपणातील फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून माझे सांगणे असे, की धुराने जन्माचे वजन घटते हे सिद्ध आहे. निकोटीनने प्राण्यांचे चयापचय बिघडते हेही सिद्ध आहे. माणसाच्या मधुमेहातील त्याचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ अद्याप मोजीत आहेत. गरोदर स्त्रीने धुरापासून दूर राहावे, एवढे ठरविण्यास मात्र पहिल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

"आपल्या बायका कुठे सिगारेट ओढतात?" असे कोणी म्हणेल. परंतु कोकणात मशेरी कोणाला ठाऊक नाही? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. भाजताना त्या स्वयंपाकघरात धूर भरतो, आणि हिरड्यांतून निकोटीन रक्तात उतरते. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरीत होत्या. त्यांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली.

शंभर ग्रॅम म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण ते कशातून वजा होतात ते पाहा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते सुमारे ३.५ किलो होते. शिवाय आपली बालके बारीक दिसत असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि मेद त्या मानाने जास्त, असे त्यांना आढळले. मधुमेहाचा पाया असा जन्मतःच घातलेला असतो. साडेतीन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम गमावणे परवडते; आपले बाळ त्याने अडीच किलोच्या रेषेच्या अधिक जवळ येते.

आता मी ज्या गावी आहे तेथले सांगते. इचिकावा हे शहर एदो नदीच्या अलीकडच्या तीरावर, तोक्योला लागून आहे. ग्योतोकू, म्योदेन या भागांत भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी मी येथे आले. जपानमध्ये १९६६ साली ८३ टक्क्यांहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. २०१९ साली हे प्रमाण २७ टक्क्यांवर आले. पतीच्या सिगारेटने धूम्रपान न करणाऱ्या पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे १९८१ साली जगापुढे मांडणारे तकेशी हिरायामा याच देशाचे; ९१ हजारांहून अधिक स्त्रियांची चौदा वर्षांची माहिती त्यांच्यापाशी होती. इचिकावात ठरावीक रस्त्यांवर सिगारेट ओढल्यास दंड होतो, आणि एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांतही सर्वसाधारणपणे बंदी आहे. कायदा घरात मात्र शिरत नाही. मग पुरुष घराच्या बाल्कनीत उभे राहून ओढतात. रात्री इमारतीवर ते लाल ठिपके चमकताना दिसतात, म्हणून जपानी लोक त्यांना 'होतारु-झोकू', म्हणजे काजव्यांची जमात, असे म्हणतात.

आमचे जावईही त्या जमातीतले. जावयाला असे काही सांगणे आपल्याकडे किती अवघड असते, ते तुम्ही जाणता. येथे प्रत्येक गरोदर स्त्रीला नगरपालिकेकडून माता-बाल आरोग्य पुस्तिका मिळते. तिचे मूळ रूप १९४२ पासूनचे आहे. तिच्यात आईच्या धूम्रपानाबरोबर सोबत राहणाऱ्यांच्या धूम्रपानाचाही प्रश्न आहे. मला जपानी वाचता येत नाही. मी पुस्तिका जावयांपुढे ठेवली आणि म्हटले, "बापू, हा प्रश्न जरा वाचून सांगता?" त्यांनी वाचला, आणि म्हणाले, "आई, मी घरात ओढतच नाही, बाहेर जातो."

मी त्यांना स्वीडनमधील एक मोजणी सांगितली. दार लावून बाहेर धूम्रपान करणाऱ्या आईवडिलांच्या लहान मुलांच्या लघवीतही निकोटीनचा अवशेष, धूम्रपान न करणाऱ्यांच्या मुलांच्या सुमारे दुप्पट निघाला. घरात ओढणाऱ्यांपेक्षा तो पुष्कळच कमी, पण शून्य नव्हे. धूर कपड्यांबरोबर, केसांबरोबर, ओढल्यानंतरच्या श्वासांबरोबर आत येतो. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात सिगारेट सोडविण्याच्या उपचाराची चौकशी केली. आता सहा आठवडे झाले. मध्ये दोनदा घसरले, पुन्हा सावरले. हे असेच चालते.

आता करण्यासारख्या गोष्टी. गरोदर स्त्रीने पंधराव्या आठवड्यापूर्वी धूम्रपान सोडले, तर बाळाचे वजन कधीही धूम्रपान न केलेल्या स्त्रीच्या बाळाइतकेच भरते, असे न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या अभ्यासात आढळले. उशीर झाला असला तरी सोडावेच, कारण बाळाचे बरेचसे वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते. मशेरीला व तपकिरीला हेच लागू. तंबाखू न जाळता केवळ तापविणारी नवी साधने जपानमध्ये सर्रास मिळतात. त्यांतही निकोटीन असते. गरोदरपणी निकोटीनच्या गोळ्या किंवा पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

पुरुषांना एक सांगते. शब्बाथ पाळणारा मनुष्य शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत अग्नी पेटवीत नाही, म्हणजे सुमारे पंचवीस तास तो सिगारेटवाचून राहतोच. सोडताना पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. त्यांतला एक दिवस तुम्हाला दर आठवड्याला जमतो आहे. घरात कोणी गरोदर असेल, तर शनिवारी रात्री ती पहिली सिगारेट न पेटविण्यापासून आरंभ करा.

आणि ज्यांचा जन्म होऊन गेला आहे, त्यांनी आईला दोष देत बसू नये. तिच्या पिढीला हे कोणी सांगितले नव्हते. कमी वजन म्हणजे मधुमेहाची शिक्षा नव्हे. ती केवळ सूचना आहे. आई, मावशी हयात असतील तोवर आपले जन्माचे वजन विचारून घ्या. ते अडीच किलोपेक्षा कमी असेल, किंवा घरात तंबाखू असेल, तर तिशीपासूनच दरवर्षी रक्तातील साखर व रक्तदाब तपासा, कमरेचा घेर वाढू देऊ नका, रोज चाला, आणि स्वतः तंबाखूला शिवू नका. पुढच्या वेळी एखादी मिला पुढे ढकलली गेली, तर वजन किती भरले एवढ्यावर न थांबता, घरात धूर आहे काय, हेही आपुलकीने विचारा.