जिभेखालची गोळी

सकाळी पावणेआठ

कपाटाला दोन कुलपं आहेत, आणि दोन्ही किल्ल्या एकीकडे नसतात. कालच्या उरलेल्या गोळ्या आणि वहीतला आकडा जुळला, की मगच खिडकी उघडते. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या गटातलं औषध आहे. ते अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळे एक गोळी कमी भरली तरी जाब द्यावा लागतो. सिस्टर मोजतात, मी लिहिते, दोघी सह्या करतो. मी इथं समुपदेशक आहे. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला आमचं ओएसटी केंद्र, म्हणजे नशेऐवजी पर्यायी औषध देणारं केंद्र आहे, राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातलं. सुईनं गर्द, म्हणजे हेरॉइन, घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी पसरू नये म्हणून ही केंद्रं निघाली. गोळी जिभेखाली जायला लागली की सुईची गरज उरत नाही, असा त्यामागचा साधा विचार.

साडेआठ

रांग लागलेली असते. पुढे हमाल आणि रिक्षावाले, कारण त्यांचा धंदा सकाळचाच. सिस्टर आधी प्रत्येकाचे डोळे बघतात, बोलणं ऐकतात. कुणी पेंगत असेल, तोंडाला दारूचा वास येत असेल, तर डोस थांबतो. त्यावर रोज एखादं भांडण होतं, पण सिस्टर हटत नाहीत आणि ते बरोबरच आहे. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही, म्हणून नुसत्या त्या गोळीनं श्वास बंद पडण्याचा धोका गर्दपेक्षा बराच कमी. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर मात्र जीव जाऊ शकतो.

घोटभर पाण्यानं तोंड ओलं करायचं. कुटलेली गोळी जिभेखाली घ्यायची, बाकावर बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळली तर पोटातून तिचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो. विरघळली की सिस्टरना तोंड उघडून दाखवायचं. गोळी बाहेर विकली जाऊ नये म्हणून ही सगळी राखण. मोठ्या माणसांना रोज असा तोंडाचा तपास द्यावा लागतो, हे मला आजही खुपतं. पण गोळी वस्तीत विकली गेली, तर केंद्राविरुद्ध पहिली ओरड तिथूनच होईल, हेही मला दिसतं.

साडेदहा

आज एक नवीन मुलगा आहे, पंचविशीचा. सुरुवात पन्नीवर धूर ओढण्यापासून. पैसे पुरेनात तेव्हा सुई, कारण तेवढ्याच मालात सुईची किक जास्त. सोबत आई आणि मोठा भाऊ.

"शेवटचं कधी घेतलंस?"

"काल रात्री दहाला."

ते खरं असेल. पण आम्ही घड्याळावर विसंबत नाही. नाक गळतंय, जांभयांवर जांभया, हातावर काटा, बाहुल्या मोठ्या, पाय एका जागी ठरत नाहीत. टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा त्रास, पुरती लागलेली आहे. आता पहिला डोस देता येतो. ही वाट का बघायची, ते मी त्याला नीट समजावते. मेंदूतल्या ज्या जागांवर गर्द जाऊन बसते, त्याच जागा ही गोळी धरते, आणि जास्त घट्ट धरते. गर्द अजून तिथं असताना गोळी दिली, तर ती तिला एका झटक्यात उठवून लावते आणि टर्की दसपट अंगावर येते. एकदा असं झालेला माणूस परत या दारात उभा राहत नाही. डॉक्टर त्याला तपासतात, छोटा डोस लिहितात. दोन तास इथंच बसायचं, मग पुढचं बघायचं.

अकरा

ते दोन तास मी घरच्यांसाठी ठेवते. दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम हेच.

आई म्हणाल्या, "मॅडम, गर्दमधून सुटावा म्हणून आणलं ह्याला. तुम्ही पण नशेचीच गोळी देताय?"

हा सवाल जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली मेथाडोनचा उपचार मांडला, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावं लागलं. मी तो उडवून लावत नाही. गोळीची सवय शरीराला लागते, हे मी त्या मावशींना, मुलाच्या आईला, सरळ सांगितलं. अचानक बंद केली तर त्रास होतो. बद्धकोष्ठ होतो, घाम फुटतो. किती महिने, किती वर्षं, ते आज कुणी लिहून देणार नाही. रोज यावं लागेल.

भाऊ म्हणाला, "त्यापेक्षा तीन महिने बाहेरगावी टाकू. साफ होऊनच येईल."

तो मार्गही खोटा नाही. १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथून आणि तसल्या केंद्रांतून कितीतरी माणसं व्यसन सोडून उभी राहिली आहेत. पण हा मुलगा दोनदा असा राहून आलाय आणि दोन्ही वेळा महिन्याभरात परत सुईवर गेलाय. मला तिसऱ्या वेळेची भीती वाटते. तीन महिन्यांत अंगाची सवय उतरते, हाताचा अंदाज मात्र जुनाच राहतो. पूर्वी जेवढं भरायचा तेवढंच भरलं, की श्वास थांबतो. सगळ्यात जास्त मरणं नशेच्या ऐन भरात होतात असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे फार घातक असतात. आणि गोळीच्या उपचारात टिकलेल्यांचा मृत्यूचा धोका उपचाराबाहेर असलेल्यांच्या साधारण निम्मा, हे अनेक देशांत दिसून आलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आवश्यक औषधांच्या यादीत घातली, ती उगीच नव्हे.

"नशा न देणारी गोळी नाही का एखादी?" भावानं विचारलं. आहे, नाल्ट्रेक्सोन. ती गर्दचा असर होऊच देत नाही. पण ती सुरू करायला आधी आठ-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं, आणि पुढे रोज कुणीतरी समोर उभं राहून ती द्यावी लागते. ती बंद करताना काहीच त्रास होत नाही, म्हणून लोक पटकन बंद करतात. नोकरी, घर, पाळत ठेवणारं माणूस, सगळं जागच्या जागी असेल तिथं ती चालते. या मुलाकडे आज त्यातलं घर तेवढं आहे.

मग मी त्यांना तिघांचे कागद दाखवले, नावं झाकून. आम्ही गोळी किती दिली एवढंच लिहीत नाही. सुई किती वेळा मारली, कामाचे दिवस किती, हातावरच्या जखमा भरल्या का, पोलिसांनी उचललं का, घरी कुणाशी बोलणं आहे, हेही दर भेटीत टिपतो. मावशींना वाचता येत होतं. एका कागदावर "मुलीच्या शाळेची फी भरली" असं होतं, तिथं त्यांचं बोट थांबलं.

साडेबारा

मुलाचे पाय थांबले होते. नाक अजून गळत होतं. डॉक्टरांनी आणखी थोडा डोस दिला. "काहीच चढलं नाही," तो जरा नाराजीनं म्हणाला. चढायचं नसतंच, मी म्हटलं, उतरायचंही नसतं. रक्ततपासणीसाठी त्याला खालच्या मजल्यावर पाठवलं.

दोन

न आलेल्यांची यादी आमच्या आउटरीचच्या मुलाकडे देते. तो स्वतः याच रांगेतून पुढे आलेला. पुलाखाली कुणाला कुठं गाठायचं ते त्याच्याइतकं मला कधीच कळणार नाही. बहुतेकांचं कारण एकच, काम. नाक्यावर सकाळी उभं राहावं तेव्हाच मजुरी मिळते आणि आमची खिडकीही तेव्हाच उघडते. संध्याकाळची खिडकी व्हावी, असं मी बैठकीत दर वेळी मांडते आणि मांडत राहीन.

चार

एक रिक्षावाले दादा गोळी बंद करायला आलेत. वर्षानुवर्षं सुई नाही, स्वतःची रिक्षा, पण सासुरवाडीत कुणीतरी "अजून गोळीवरच का?" म्हटलं. लाजेपोटी बंद करू नका, असं मी त्यांना सांगितलं. तुमचं स्वतःचं मन असेल, तर डॉक्टर काही महिन्यांत हळूहळू उतरवतील, मध्ये डगमगलं तर परत वाढवतील. त्यांनी बराच वेळ विचार केला. "दिवाळीनंतर बघू. आत्ता हप्ते आहेत," म्हणाले. मला हे उत्तर आवडलं. ते त्यांनी स्वतःचा हिशेब मांडून दिलं होतं, सासुरवाडीच्या बोलण्यावरून नव्हे.

पाच

सकाळच्या मुलाच्या भावाचा फोन. गणपतीला गावी जायचंय, कोकणात, तिकिटं आधीच काढलेली. आठवड्याच्या गोळ्या सोबत मिळतील का? जुन्या, स्थिरावलेल्या माणसांना डॉक्टर देतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या दिल्या, तेव्हा लोकल बंद असूनही बऱ्याच जणांचा उपचार चालू राहिला. पण काल रात्रीपर्यंत सुई मारणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात नाही. मी तसं सांगितलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली, मग मावशींचा आवाज आला.

"मी आणि हा इथंच थांबतो. मोठा जाऊन दीड दिवसाचा करून येईल."

मी म्हटलं, उद्या वेळेवर या, आणि निघताना त्याला काहीतरी खायला घाला. आणि रात्री झोप नाही लागली, तर घाबरू नका; केमिस्टकडून झोपेची गोळी मात्र आणू नका, मला फोन करा.