आज्ञा कोणाची, कोठून आणि कोणाला? संगणक जाळ्यातील प्रवेश-नियमांचे महत्त्व

रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात २७ जून २०१७ रोजी 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या टर्मिनलची संगणक यंत्रणा ठप्प झाली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाशी संबंधित असून त्याच दिवशी 'नॉटपेट्या' या घातक संगणकीय प्रणालीने या समूहाची जगभरातील यंत्रणा ग्रासली होती. समूहाला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्याने आपल्या नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर इतका वर्तविला.

ही प्रणाली पसरली कशी, हे समजून घेणे उद्बोधक आहे. विंडोजमधील ज्या त्रुटीचा तिने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. तथापि, दुरुस्ती केलेले संगणकही वाचले नाहीत. नॉटपेट्या बाधित संगणकाच्या स्मृतीतून संकेतशब्द काढून घेत असे आणि 'डब्ल्यूएमआयसी' व 'पीएसएक्झेक' या साधनांद्वारे शेजारच्या संगणकांना आज्ञा देत असे. दूरच्या संगणकांची देखभाल करण्यासाठी प्रशासक हीच साधने वापरतात. साधन खरे, संकेतशब्दही खरा. आज्ञा देणारा तेवढा तोतया. म्हणूनच कोणत्या संगणकाने कोणाची आज्ञा मानावी, हे आधीच लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

हे लिहून ठेवण्याचे साधन म्हणजे राउटर, स्विच आणि फायरवॉलमधील प्रवेश नियंत्रण सूची. तिच्या प्रत्येक कलमात परवानगी की मज्जाव, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याकडे आणि कोणत्या पोर्टवर, एवढ्या बाबी नमूद असतात. उदाहरणार्थ, पहिले कलम असे : १०.१.५.२० या प्रशासकाच्या संगणकाला सर्व स्विचच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर परवानगी. दुसरे : अन्य सर्वांना त्या पोर्टवर मज्जाव. तिसरे : उर्वरित वाहतुकीला परवानगी.

येथे क्रमाला निर्णायक महत्त्व आहे. बहुतेक उपकरणे सूची वरून खाली वाचतात आणि जे कलम प्रथम लागू पडेल, तेथेच थांबतात. वरील उदाहरणातील तिसरे कलम सर्वांत वर ठेवले, तर मज्जावाचे कलम सूचीत असूनही कधीच वाचले जाणार नाही. याउलट, सूचीच्या शेवटी 'बाकी सर्वांना मज्जाव' हे न लिहिलेले कलम बहुधा गृहीत धरलेले असते. त्याचे भान न ठेवता नियम लागू करणारा प्रशासक स्वतःच बाहेर अडकतो. ज्युनिपरच्या उपकरणांतील 'कमिट कन्फर्म्ड' ही आज्ञा त्यासाठीच आहे. ठरलेल्या मुदतीत, अन्यथा १० मिनिटांत, बदलाला दुजोरा न मिळाल्यास जुनी रचना आपोआप पूर्ववत होते.

दारावर अडविणे हा झाला एक स्तर. आत आलेल्याला काय दिसावे, हा दुसरा. उपकरणांवर देखरेख ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एसएनएमपी' या पद्धतीच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ओळखीचा शब्द उघड स्वरूपात पाठविला जाई आणि अनेक उपकरणांत तो 'पब्लिक' असाच ठेवलेला असे. तिच्या तिसऱ्या आवृत्तीला डिसेंबर २००२ मध्ये अंतिम मानकाचे स्वरूप मिळाले. तीत कोणत्या वापरकर्त्याने माहितीचा कोणता भाग पाहावा आणि कोणता बदलावा, हे स्वतंत्रपणे ठरविता येते.

मात्र या सूचीलाही मर्यादा आहेत. एकाच विभागातील दोन संगणकांमधील वाहतूक सहसा राउटरपर्यंत जातच नाही. त्यामुळे तेथे राउटरवरील नियम निरुपयोगी ठरतो. म्हणून जाळ्याचे विभाग पाडणे आणि प्रत्येक संगणकावरील फायरवॉलमध्ये १३५ व ४४५ या पोर्टवरील अनावश्यक वाहतूक रोखणे, हे दोन्ही उपाय करावे लागतात. नॉटपेट्यासारख्या प्रणालीचा फैलाव त्यामुळे एका विभागापुरता सीमित राहू शकतो.

मोठ्या बंदराची ही कथा रायपूरच्या पुरानी बस्तीतील एखाद्या पेढीला किंवा दवाखान्याला दूरची वाटेल. परंतु तेथील साध्या राउटरलाही व्यवस्थापनाचे पान असते. ते इंटरनेटवरून उघडता येत असेल आणि संकेतशब्द कारखान्यातून आला तोच असेल, तर राउटरची सूत्रे परक्याच्या हाती जाण्यास वेळ लागत नाही. बाहेरून होणारे व्यवस्थापन बंद ठेवणे, संकेतशब्द बदलणे आणि ग्राहकांचे वाय-फाय हिशेबाच्या संगणकापासून वेगळे करणे, ही तीन कामे कोणत्याही खर्चाविना बहुतांश राउटरवर होऊ शकतात.

नियमांइतकेच महत्त्व नोंदींना आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि शासकीय संस्थांनी सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळविणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. अडविलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवण्याची सोय सूचीतील कलमातच असते. ती नोंद नियमितपणे वाचली गेली, तर हल्ल्याची चाहूल हानी होण्यापूर्वीच लागू शकते.