रंग बदलणारी अंगठी

अंगठी हा मनुष्याचा बहुधा सर्वांत स्थितिशील अलंकार होय. ती लग्नाची असो, मुद्रेची असो, की ज्योतिष्याच्या सल्ल्याबरहुकूम घडविलेली पुष्कराजाची असो, एकदा बोटात चढल्यावर तिच्या खड्याचा रंग आजन्म कायम राहावा, हाच शिरस्ता. जोशुआ रेनॉल्ड्स आणि मॅरिस अंबाट्स यांच्या नावांशी निगडित असलेली जी अंगठी १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये विक्रीस आली, तिने हा शिरस्ता मोडला. तिचा खडा घटकेत काळा, घटकेत हिरवा, घटकेत गडद निळा होई, आणि हा रंग म्हणजे धारण करणाऱ्याच्या मनःस्थितीचा दाखला, असे ग्राहकास सांगितले जाई. तिचे वेड अमेरिकाभर पसरले नि लवकरच ओसरले; परंतु त्या खड्यात जो पदार्थ दडलेला होता, तो मला कोणत्याही नवरत्नाहून अधिक कुतूहलाचा वाटतो.

तो पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर हे गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवीत असता ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाले, आणि १७८.५ अंशांना पोचताच एकाएकी नितळ झाले. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू असावेत, हे त्या काळच्या रसायनशास्त्राच्या कोणत्याच कलमात बसेना. म्हणून त्यांनी पत्र लिहून ते भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांच्यापुढे मांडले, आणि मधल्या अवस्थेतील तो गढूळ द्रव पाण्यासारखा वाहतो खरा, पण प्रकाशाशी मात्र स्फटिकाप्रमाणे वर्ततो, हे लेहमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले.

अंगठीतील जातीच्या द्रवस्फटिकात रेणूंचा प्रत्येक थर खालच्या थराहून किंचित वळलेला असल्यामुळे चक्री जिन्यासारखी रचना उभी राहते, आणि तिच्या एका वेढ्याची उंची दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या, तोडीची असते. वेढ्याशी जुळणारी तरंगलांबी तेवढी परावर्तित होते. उरलेला प्रकाश खालच्या काळ्या लेपात शोषला जातो. उष्णता वाढली की वेढा आवळतो व रंग तांबड्याकडून हिरव्याकडे, हिरव्याकडून निळ्याकडे सरकतो. रंगद्रव्याचा येथे कणही नाही. केवळ अंतर बदलते, आणि डोळ्यांना रंग बदललेला दिसतो. किती सुंदर योजना ही!

मग मनाचे काय? भीतीने किंवा चिंतेने स्वायत्त मज्जासंस्था त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, बोटांकडील रक्ताचा पुरवठा घटतो, बोटे गार पडतात आणि खडा काळवंडतो. चित्त शांत झाले की ऊब परत येते. मात्र डिसेंबरच्या पहाटेचा गारठाही हेच करतो, आणि या दोहोंतील भेद अंगठीला कळत नाही. ती मनाची साक्षीदार नव्हे, त्वचेच्या तपमानाची आहे, आणि तेवढ्यापुरती तिची साक्ष विश्वसनीय आहे. याच तत्त्वावर केलेली पट्टी तापकरी मुलाच्या कपाळावर ठेवतात.

प्रयोग करू इच्छिणाऱ्याने अंगठी प्रथम थंड पेल्याच्या बाहेरच्या अंगास टेकवावी, नंतर मुठीत धरावी आणि रंगांचा क्रम टिपून ठेवावा. पाण्यात मात्र ती बुडवू नये; खड्याच्या फटीतून ओल आत शिरली की द्रवस्फटिकाची रचना बिघडते आणि खडा कायमचा काळा पडतो.